तीन नंबरचा दुसरा ठोका

कारखान्याच्या प्रेसखात्यात, जिथे यंत्रं पत्र्यावर ठोका मारून तुकडे काढायची, सगळे त्याला गेज म्हणायचे. गेज म्हणजे माप तपासायचं पोलादी साधन. तयार तुकडा त्यात बसला तर पास, नाही बसला तर भंगार. दर पन्नासाव्या तुकड्याला गेज लावायचा असा हुकूम होता. हा दर विसाव्याला लावायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "मधल्यांची हमी कोण घेणार, तुझा सासरा?" निवृत्तीच्या दिवशी साहेबही खरं नाव विसरले आणि "आपले गेज" म्हणून गेले. त्यालाही त्यात काही चुकलंसं वाटलं नाही.

आता तो सत्तरीचा आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी शाळेत गणित शिकवते. बापलेक दोन खोल्यांत राहतात. गुडघे कुरकुरतात, कान अर्धे प्रेसच्या धडधडीतच राहिले. तरी त्या हिवाळ्यात दर शुक्रवारी सव्वाला तो बूट चढवायचा आणि दोनला दहा कमी असताना लांब्याच्या दारात उभा राहायचा. एक मिनिट मागे नाही की पुढे नाही.

लांब्या हा त्याचा पाळीचा जोडीदार. जोडीदार म्हटलं की लोकांना वाटतं, दोघं शेजारी शेजारी उभे राहून काम करत असतील. तसं नव्हतं. दोघांची यंत्रं तीच होती, म्हणूनच दोघं कधी एकत्र नव्हते. गेज पहिल्या पाळीला असला की लांब्या दुसरीला, पुढच्या आठवड्यात उलट. तिसरी पाळी नव्हती. इतक्या वर्षांची त्यांची सगळी दोस्ती रोजच्या दहा मिनिटांची होती, दोनला दहा कमी ते दोनचा भोंगा. तेवढ्यात जाणाऱ्याने येणाऱ्याला चार प्रेस सोपवायच्या. कुठली ठीक आहे, कुठली तापते, कुठल्या साच्याची धार गेली. वहीत प्रत्येक यंत्राचा एक रकाना असे. तो भरायचा, देणाऱ्याने सही करायची, घेणाऱ्याने करायची.

त्याच दहा मिनिटांत 'ध्रुवापलीकडे'सुद्धा सोपवली जायची.

'ध्रुवापलीकडे' ही मालिका गुरुवारी संध्याकाळी आठला लागायची. चौदा वर्षं चालली. एक जुनाट यान घरापासून इतकं लांब गेलेलं, की परत यायला तीन पिढ्या लागणार. त्यावर कप्तानबाई, एक डॉक्टर, 'डबा' नावाचा यंत्रमानव आणि यानाचा मिस्त्री. खात्याचा जीव मिस्त्रीवर. बाकीचे ताऱ्यांकडे बघून बोलायचे. मिस्त्री पाइपांकडे बघून शिव्या घालायचा. "हा खरा कामाचा माणूस," असं सगळ्यांचं मत होतं. पण दुसऱ्या पाळीचा माणूस आठ वाजता यंत्रावर असायचा. त्याचा भाग बुडायचा. मग शुक्रवारी पाळी सोपवताना पहिल्या पाळीवाल्याने तो सांगायचा. म्हणजे गेजने अर्धी मालिका पाहिली आणि अर्धी ऐकली; लांब्याचं नेमकं उलट.

नियम दोन होते. आधी यंत्र, मग यान. आणि जसं पाहिलं तसं सांगायचं. पदरचं घालायचं नाही, मधलं गाळायचं नाही. लांब्याने एकदा मस्करीत सांगितलं, की डब्याचं लग्न ठरलं, नवरी म्हणजे स्वयंपाकघरातली भट्टी. गेजने आठवडाभर ते खरं मानलं, चहाच्या टपरीवर दुसऱ्या खात्यातल्या लोकांशी त्यावरून वाद घातला आणि तोंडघशी पडला. पुढे पंधरा दिवस त्याने लांब्याला फक्त यंत्रं सोपवली, यान नाही. शेवटी लांब्याने स्वतःचे कान धरले. "चुकलं बाबा. तुझ्यापुढे मस्करी म्हणजे फौजदारी गुन्हाच की रे."

मालिका संपली. दोघं निवृत्त झाले. कारखाना बंद पडला, पाडला, तिथे माल साठवायच्या पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या. आणि मालिका संपल्याला एकवीस वर्षं झाली तेव्हा बातमी आली, की 'ध्रुवापलीकडे' परत येते आहे. दहा नवे भाग. दर गुरुवारी एक.

तोवर साखरेच्या आजाराने लांब्याची नजर गेली होती. छातीही गेली होती. खाटेजवळ प्राणवायूचं यंत्र घुरघुरत असे, त्याची नळी नाकात. उजव्या हाताला अंगठा तेवढा होता, बोटं चारी नव्हती. पण ती साखरेने नेली नव्हती, तीन नंबरच्या प्रेसने नेली होती. त्याची सून म्हणाली, "बाबांना आवाज लावून देते मी, ऐकतील." लांब्याने ऐकलं, आणि दहा मिनिटांत बंद करायला लावलं. "नुसतं धाडधूड आहे. कोण कुठे उभं आहे ते कळत नाही. गेजला बोलाव."

मग गेज जाऊ लागला. दोनला दहा कमी.

"आधी यंत्र," लांब्या म्हणायचा. मग उशाच्या यंत्रावर अंगठा ठेवून स्वतःच सांगायचा. "चालू आहे. पाणी भरलंय. आवाज नेहमीचा. माणूस खराब."

"घेतलं," गेज म्हणायचा. मग यान.

पहिले पाच भाग असे गेले. गेजला ते फारसे आवडले नाहीत, पण आवडणं-नावडणं हे सांगण्यात येऊ द्यायचं नाही, हे तो जाणून होता. ते वेगळं काम. ते काम आता जगभरचे लोक करत होते. नवा भाग लागला की तासाभरात हजारो लोक त्यावर लिहायचे, आणि शुक्रवारी सकाळी चहा पिताना मुलगी फोनवरून त्याला वाचून दाखवायची.

"ऐका हं, बाबा. एक जण म्हणतो, 'डब्याला नवीन पॉलिश कशाला? आमचा पोचे पडलेला डबा परत द्या.' दुसरा म्हणतो, 'कप्तानबाई किती म्हाताऱ्या दिसतात!' त्याला तिसऱ्याने उत्तर दिलंय, 'तूही आरशात बघ, तुझीही एकवीस वर्षं झालीत.'"

गेज हसायचा. "आणि भागाबद्दल?"

"हे भागाबद्दलच आहे. आठ वाजून सात मिनिटांनी लिहिलंय."

"कुठे? भाग तासाचा. हा लिहितो सातव्या मिनिटाला. बाकीची त्रेपन्न मिनिटं काय झोपला होता?"

एका बाईने मात्र जुन्या आणि नव्या यानाच्या जिन्यांच्या पायऱ्या मोजल्या होत्या. नव्यात दोन कमी होत्या. गेजने ते दोनदा वाचायला लावलं. "ही बाई कामाची," तो म्हणाला. "हिला प्रेसवर उभं केलं असतं."

सहावा भाग लागला आणि त्याचं हसणं संपलं.

त्यासाठी जुनी गोष्ट सांगायला हवी. मालिकेचं अकरावं वर्ष. एका गुरुवारी मिस्त्री गळती थांबवायला यानाच्या तळकोठीत उतरला, वरचं झाकण धाडकन पडलं आणि भाग तिथेच संपला. तो भाग लांब्याने पाहिला. पुढच्या गुरुवारी लांब्या दुसऱ्या पाळीला, भाग पाहिला गेजने. शुक्रवारी दुपारपर्यंत लांब्याच्या जिवाची नुसती उलघाल.

त्या शुक्रवारी दीड वाजता तीन नंबरच्या प्रेसने एक ठोका जास्त मारला. पायपट्टी एकदा दाबली की ठोका एकच पडायला हवा आणि वरचा ठोकळा वर जाऊन थांबायला हवा. तो थांबला नाही. आपणहून पुन्हा खाली आला. एकदाच. गेज चिमट्याने तुकडा उचलायचा, म्हणून त्याला काही झालं नाही. असं झालं की लाल पाटी अडकवायची, यंत्र बंद करायचं आणि फिटरला हाक मारायची. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण दिवसाचं काम पुरं व्हायला चाळीसच तुकडे उरले होते. त्याने ते पुरं केलं. ठोका पुन्हा चुकला नाही. म्हटलं, आता लांब्या येईल, त्याच्या कानावर घालू, वहीत लिहू.

लांब्या पावणेदोनलाच आला. हातातला जेवणाचा डबासुद्धा खाली ठेवला नाही.

"मेला का?"

"आधी यंत्र," गेज म्हणाला.

"यंत्र कुठे पळून जातंय? मिस्त्री मेला का ते सांग. आठ दिवस घास उतरला नाही लेका."

गेज हसला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. चांगलं सांगितलं. शेजारच्या यंत्रांवरचे चौघं येऊन उभे राहिले. मिस्त्रीने गळती बंद केली. झाकण आतून उघडेना. त्याने वर ठोकून पाहिलं, मग ठोकायचं थांबवलं आणि तळाशी बसून पाना पुसत राहिला. झाकणाची खिट्टी सैल होती आणि आपणच ती बघायला विसरलो, असं तो शेवटी म्हणाला. कप्तानबाई वर उभ्या होत्या. मिस्त्री मेला. लांब्याने बाहीने डोळे पुसले. भोंगा झाला. गेजने वहीवर सही केली आणि तो गेला. तीन नंबरचा रकाना कोरा होता.

दोन वाजून वीस मिनिटांनी तीन नंबरने दुसरा ठोका मारला. लांब्या लहान तुकडे हातानेच काढायचा.

साहेब इस्पितळात गेले. वहीत तर काही नाही, मग गेजने तोंडी सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. लांब्या म्हणाला, "सांगितलं होतं. माझंच लक्ष नव्हतं." साहेबांनी ते लिहून घेतलं. ठपका लांब्यावर आला. पुढच्या वर्षी तो सेटर, म्हणजे सगळ्या प्रेसचे साचे बसवणारा वरचा माणूस, व्हायचा होता. त्याऐवजी कोठारात गोण्या मोजायला बसला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. सेटर झाला गेज. खात्यात सगळे म्हणाले, "योग्य माणूस आहे. डोळ्यांत तेल घालून काम करणारा."

लांब्या तसं का म्हणाला, हे गेजने त्याला कधी विचारलं नाही. गुंगीत बोलला असेल. घाईत आपण सांगितलंही असेल. पहिली काही वर्षं तो स्वतःला असंच समजावत असे. पण जो माणूस दर विसाव्या तुकड्याला गेज लावतो, त्याला आपण काय सांगितलं आणि काय नाही हे पक्कं ठाऊक असतं. तो विचार त्याने आत कुठेतरी ठेवून दिला आणि वर दुसरं सामान रचलं.

सहाव्या भागात म्हाताऱ्या कप्तानबाई मिस्त्रीच्या मुलीला तळकोठीपाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, खिट्टी सैल आहे हे त्या दिवशी सकाळीच मला कळलं होतं. तुझ्या बापाला सांगायचं होतं. आम्ही दुसरंच काही बोलत बसलो आणि राहून गेलं. मग त्याने ते स्वतःवर घेतलं, आणि मी यानाच्या नोंदीत तसंच राहू दिलं.

गेज पडद्यासमोर बसून होता. भाग संपून जाहिराती लागल्या, तरी उठला नाही. मुलीने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?"

"गुडघा," तो म्हणाला.

सकाळी मुलीने फोन उघडला आणि भुवया वर केल्या. "अहो, आज तर आग लागली आहे! 'लिहिणाऱ्यांनाच त्या कोठीत घाला आणि झाकण टाका.' 'माझ्या लहानपणची कप्तान काल मेली.' हा म्हणतो, 'कप्तानबाईंच्या चित्राचा शर्ट वीस वर्षं जपला, आजपासून त्याने गाडी पुसणार.' एक बाई म्हणते, 'रडले. चांगली माणसं असंच करतात आणि आपण त्यांना चांगलं म्हणत राहतो.' तिला सगळ्यांनी धुतलंय."

"पुरे," गेज म्हणाला.

"एकच. याला सगळ्यात जास्त लोकांनी मान डोलावली आहे. 'एक साधा मुद्दा. इतकी वर्षं कोण गप्प बसतं? मेलेल्याच्या घरच्यांसमोर बसून, रोज बोलत, जेवत? असं माणूस नसतं. लिहिणाऱ्यांना माणसं ठाऊकच नाहीत.' मला पटलं हे. तुम्हाला?"

गेजने कप उचलला. कप रिकामा होता. तरी तो प्यायला.

सव्वाला त्याने बूट घातले. वाटेत त्याने ठरवलं, मोडलं, पुन्हा ठरवलं. जसं पाहिलं तसं सांगायचं, तर लांब्याच्या तोंडावर सांगावं लागणार: खिट्टी सैल होती, सांगायची राहिली, नोंदीत तसंच राहू दिलं. हे सांगून पुढे तोंड कुठे लपवायचं? आणि गाळायचं, तर आयुष्यात पहिल्यांदा. लांब्याला दिसत नाही. त्याला कळणार कसं? असा विचार आला आणि गेजला स्वतःची शिसारी आली. पाय मात्र चालत राहिले.

सुनेने दार उघडलं. "या काका. आज जरा जास्त आहे त्यांना."

लांब्या उशीला टेकून बसला होता. छाती भात्यासारखी हलत होती. "दोनला दहा?"

"दोनला दहा."

"यंत्र चालू. पाणी... भरलंय." तो थांबला, दम घेतला. "माणूस अजून खराब. घे."

"घेतलं."

"यान."

गेजने सुरुवात केली. यानाला मिळालेला खडकाळ ग्रह, डब्याचा बिघडलेला पाय, डॉक्टरची कुरकुर. मिस्त्रीची मुलगी मोठी झाली आहे, बापाचा पाना वापरते. मग कप्तानबाई तिला तळकोठीपाशी घेऊन जातात.

"आणि?"

"आणि... झाकणावर हात ठेवतात. रडतात. मुलगी त्यांना धरते. भाग संपतो."

यंत्र घुरघुरत राहिलं. लांब्याचे डोळे छताकडे होते. ते कुठेही असले तरी सारखंच.

"बस?" तो म्हणाला.

"बस."

"सकाळी सुनेने मला वाचून दाखवलं. लोक काय काय म्हणतात ते." तो पुन्हा थांबला. एकेक वाक्य वर ओढून आणावं तसा बोलत होता. "लोक एवढे पेटले. रडण्यावर? कप्तान रडली म्हणून शर्टाने गाडी पुसतात होय रे?"

गेजने आपल्या बुटांकडे बघितलं.

"डब्याचं लग्न मी लावलं, तर पंधरा दिवस बोलला नाहीस. आणि तू... भाग कापलास."

"लांब्या, मी त्या दिवशी..." गेजने खुर्चीची कड घट्ट धरली. "तीन नंबरने आपणहून दुसरा ठोका मारला होता. दीड वाजता. मी पाहिलं होतं. तुला सांगितलं नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी तिथेच होतो ना, गाढवा. तू मिस्त्रीचं सांगितलंस. दुसरं काही नाही."

"मग साहेबांना तसं का म्हणालास?"

सून दारात येऊन उभी राहिली. लांब्याने अंगठ्याने तिला जायची खूण केली.

"आधी यान मीच मागितलं. नियम मी मोडला. तू एकटा कशाला मरायचास? म्हटलं, आता मी हे म्हणतो. गेज आहे, तो राहू देणार नाही. उद्या जाईल साहेबांकडे, म्हणेल चूक दोघांची. मग दोघं मिळून निस्तरू." त्याने नळी नाकात नीट बसवली. बोटं नसलेला तो हात सफाईने वावरत होता; चोवीस वर्षांची सवय. "वाट बघितली. शुक्रवारी तू आलास इस्पितळात. फळं आणलीस. आणि पुढचा भाग सांगितलास."

गेजला तो शुक्रवार आठवला. लांब्या नव्हता म्हणून त्याची पाळी त्या आठवड्यातही पहिलीच ठेवली होती. फळं कुठली होती तेही आठवलं. तो भाग त्याने नेहमीपेक्षा चांगला सांगितला होता. दोन खाटांपलीकडचे लोकही ऐकत होते.

"मग पुढच्या शुक्रवारी म्हटलं, आज. मग वर्षाने म्हटलं, सेटर झाल्यावर तरी. मग म्हटलं, निवृत्तीला. मग कारखानाच पाडला. साहेबही वारले. आता कुणाला सांगशील? शेडांना?"

"तुला सांगतोय."

"मला माहीतच होतं. मला सांगून काय उपयोग?"

"चिड माझ्यावर," गेज म्हणाला. "शिव्या घाल."

लांब्या हसला, की खोकला, ते कळलं नाही. सून धावत आली, पाठ चोळली, पाणी पाजलं. ते शमायला पाच मिनिटं लागली. मग लांब्या पडक्या आवाजात म्हणाला, "चिडायला दम लागतो रे. तेव्हा होता. तेव्हा यायचं होतंस."

गेज उठू लागला.

"बस खाली. भाग पुरा कर. पहिल्यापासून. न कापता."

गेज बसला. त्याने पहिल्यापासून सांगितलं. ग्रह, पाय, पाना. कप्तानबाई कुठे उभ्या, मुलगी कुठे, उजेड कुठून. खिट्टी. सकाळीच कळलं होतं. दुसरंच काही बोलत बसलो. नोंदीत तसंच राहू दिलं. त्याने एक शब्द गाळला नाही. सांगून झालं तेव्हा अडीच वाजून गेले होते.

"घेतलं," लांब्या म्हणाला. मग म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी येऊ नको. सून वाचेल लोकांचं. त्यातून कळतं मला."

"त्यात काहीच नसतं लांब्या. नुसता आरडाओरडा."

"असू दे. ते कापत नाहीत."

गुरुवारी, सातवा भाग लागायच्या दिवशी सकाळी, मुलीने फोन उघडला. "बाबा, तो 'असं माणूस नसतं'वाला अजून गाजतोय. लोक अजून त्यालाच दुजोरा देताहेत. तुम्हाला काही लिहायचंय का? इतकी वर्षं पाहताय, एकदा तरी आपलं मत मांडा."

"लिही," गेज म्हणाला.

ती खूश झाली. "सांगा."

"असतं. असं माणूस असतं."

तिने टाइप केलं आणि थांबली. "पुढे?"

"एवढंच."

तिने ते पाठवलं. थोड्या वेळाने उत्तरं आली. एकाने हसरे चेहरे टाकले होते. एकाने लिहिलं होतं, 'आजोबा, मालिका आहे ही, मनावर घेऊ नका.' आणि त्या मूळ मुद्देवाल्याने विचारलं होतं, 'एक तरी उदाहरण द्या.'

मुलगी हसली. "द्या आता उदाहरण!"

गेजने तिच्या हातातला फोन घेतला, टेबलावर पालथा ठेवला. "बस इथे. तुझ्या लांब्याकाकांच्या हाताचं सांगायचं आहे. आधी यंत्राचं सांगतो."

त्याने सांगितलं. दीडपासून दोन वीसपर्यंत, मग साहेब, मग फळं, मग सेटरची जागा. लहानपणी वर्गात ती सांगायची, माझे बाबा सेटर आहेत, त्यांच्या हाताखालून चुकीचा तुकडा जात नाही. ते बहुधा दोघांनाही आठवत होतं. शेवटी तिने एकच विचारलं. "आई असताना सांगितलं होतं?"

"नाही."

ती उठली, कप विसळले, शाळेला गेली. संध्याकाळी आल्यावर जेवायला वाढलं. बोलली, पण भाजीत मीठ आहे का, दार लावलं का, एवढंच. फोनवरचं पुन्हा वाचून दाखवलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही.

त्या शुक्रवारी सव्वाला गेजने बूट घातले. मग खुर्चीवर बसून राहिला. दोन वाजले तेव्हा काढले. आठव्या भागाच्या शुक्रवारीही तसंच. नवव्या भागानंतर, मंगळवारी, सुनेचा फोन आला. लांब्या सकाळी गेला. शेवटचे दोन दिवस बोलणं नव्हतं. गेज गेला, लोकांबरोबर चालला, जिथे जड होतं तिथे खांदा दिला. परत निघताना सून म्हणाली, "काका, दर शुक्रवारी दोनला दहा कमी असताना विचारायचे, दार वाजलं का. मी म्हणायची, तुम्हीच तर नको म्हणालात ना. मग दाराकडे तोंड करून पडायचे."

गेजने मान हलवली.

दहावा, शेवटचा भाग त्याने गुरुवारी आठला पाहिला. पाठ ताठ ठेवून, पुरा, जाहिरातींसकट. यान घरी पोचलं. लोक फार खूश झाले म्हणे. शेजारी जिन्यात बोलत होते. शुक्रवारी दीडला त्याने जुनी वही काढली आणि भाग लिहून काढला, कोण कुठे उभं, उजेड कुठून, सगळं. खाली देणाऱ्याची सही केली. दोनला दहा कमी झाले तेव्हा वही समोर ठेवून बसला. घेणाऱ्याची जागा तीन नंबरच्या रकान्यासारखी कोरी होती.

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. शाळेला सुट्टी होती; मुलगी आतून म्हणाली, "बाबा, जेवून घ्या."

"आलो," तो म्हणाला. आणि बसून राहिला.